गळ्याची परीक्षा की संधीची?



भीमेच्या काठावरील मांडवगण फराटा या गावी अभिजात संगीताच्या उन्हाळी वर्गांविषयी बोलावे, हे अनेकांना अस्थानी वाटेल. उसाला पाणी, दुधाला भाव, शेतीपंपाला दिवसा वीज, कारखान्याकडून उसाचे पैसे वेळेवर मिळणे हे शिरूर-दौंड भागाचे प्रश्न आहेत. त्यांच्यापुढे ख्याल आणि तराणा यांचा विचार म्हणजे पोट भरलेल्यांचा उद्योग, अशी समजूत चळवळीतही पुष्कळ प्रमाणात आढळते. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. सुस्थितीतील वर्ग जी गोष्ट आपल्या मुलांसाठी धडपडून, पैसे मोजून मिळवतो, ती श्रमिकांच्या मुलांना अनावश्यक आहे असे परस्पर ठरवून टाकणे, हा विषमतेचाच एक सभ्य प्रकार आहे.

चैत्र लागला की या भागात गाण्याबजावण्याचा हंगाम सुरू होतो. गावोगावच्या यात्रा भरतात. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावचे पंच तेथे जाऊन सुपारी ठरवतात. शाळांना सुट्टी लागली की ठिकठिकाणी वारकरी बालसंस्कार शिबिरे भरतात. तेथे मुले हरिपाठ, टाळ, मृदंग आणि भजनाच्या चाली शिकतात. याच दिवसांत शहरांतून निराळी लगबग चालू असते. संगीत विद्यालयांचे सुट्टीतील वर्ग, निवासी शिबिरे, गुरूंच्या सहवासातील महिनाभराचे शिक्षण, शिष्यवृत्त्या यांचे अर्ज भरले जातात आणि ऑडिशनच्या तारखा लागतात. १९७७ साली किरण सेठ यांनी सुरू केलेल्या स्पिक मॅकेच्या चळवळीने तर उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडक विद्यार्थ्यांना थोर कलावंतांच्या घरी ठेवून शिकवण्याची योजनाच आखली. उपक्रम स्तुत्य आहे. पण एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात चालणाऱ्या या दोन हंगामांची गाठ कधी पडत नाही. ती का पडत नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम अर्जाकडे पाहावे. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची अठरा ते पंचवीस वर्षे वयाच्या तरुण कलावंतांसाठी एक शिष्यवृत्ती आहे. महिना ५,००० रुपये, मुदत दोन वर्षांची. जनतेच्या पैशातून ही मदत दिली जाते आणि ती दिली जावी, याबद्दल दुमत नाही. परंतु अर्जदाराने गुरूकडे अथवा संस्थेत किमान पाच वर्षे शिक्षण घेतलेले असले पाहिजे, आणि तसा गुरूच्या सहीचा दाखला जोडला पाहिजे, अशी तिची अट आहे. उच्च शिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीला पूर्वतयारीची अट असणे गैर म्हणता येणार नाही. प्रश्न असा की ही पाच वर्षे आणायची कोठून? ज्या गावाच्या शाळेत संगीताचा शिक्षक नाही, ज्या गावाहून पुण्याच्या शिकवणीला जाऊन येण्यात दिवस मोडतो, तेथील मुलापाशी आवाज असेल, कान असेल, हौस असेल. पण पाच वर्षांचा दाखला असणार नाही. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीही सरकारची सांस्कृतिक गुणशोध शिष्यवृत्ती आहे. तिची नुसती माहिती तरी किती ग्रामीण शाळांच्या सूचनाफलकापर्यंत पोहोचते, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी जाऊन पाहावे.

आता चाचणी कशी होते ते पाहू. उमेदवार परीक्षकांसमोर बसतो. पट्टी विचारली जाते, तंबोरा जुळवला जातो, एका रागातील विलंबित व द्रुत ख्याल गायला सांगतात. मग आणखी कोणते राग येतात, अमुक रागाचे वादी-संवादी कोणते, झपतालाच्या मात्रा किती, असे प्रश्न येतात. दहा-पंधरा मिनिटांत निकाल मनाशी ठरतो. समजा, या पंचक्रोशीतील भजनी मंडळात वाढलेली चौदा वर्षांची मुलगी तेथे बसली आहे. मालकंसातील अभंग ती लहानपणापासून ऐकत आणि म्हणत आली आहे. मात्र त्याला मालकंस म्हणतात हे तिला कोणी सांगितलेले नाही. भैरवीने शेवट करायचा, हे तिला शिकवावे लागत नाही. भजनी ठेका तिच्या हाडीमाशी मुरलेला आहे, पण एकतालाच्या संथ आवर्तनात समेवर कसे यावे याचा तिला सराव नाही. ती मोकळ्या, चढ्या आवाजात गाते. दहा-वीस टाळांच्या गजरात आवाज वर काढण्याची तिला सवय आहे. परीक्षक म्हणतात, आवाज चांगला आहे, पण तयारी नाही. ते खोटे बोलत नाहीत. त्यांच्या कानी जे पडले ते त्यांनी सांगितले. मात्र या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. आवाज, कान आणि लयीची जाण हा त्या मुलीचा कस आहे. तयारी हा समाजाने तिला दिलेल्या किंवा न दिलेल्या संधीचा हिशेब आहे. चाचणी कस जोखण्याचा दावा करते आणि प्रत्यक्षात गुण देते ते तयारीला. शहरातील ज्या मुलाला सातव्या वर्षापासून शिकवणी मिळाली, ज्याच्या घरी तंबोरा आहे, ज्याने प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा दिल्या आहेत, तो वर येतो. त्याच्या मेहनतीला कमी लेखण्याचे कारण नाही. पण मेहनत करण्यासाठी लागणारा वेळ, जागा आणि गुरू या तिन्ही गोष्टी त्याला जन्माने मिळाल्या, हे विसरून त्याच्या यशाला केवळ गुणवत्ता म्हणणे हे सत्याला धरून होणार नाही.

यावर असे म्हटले जाईल की पूर्वी अर्जही नव्हते आणि चाचण्याही नव्हत्या. ज्याला तळमळ होती तो गुरूच्या शोधात निघाला आणि मोठा झाला. भीमसेन जोशी १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी घर सोडून निघाले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ग्वाल्हेरपर्यंत भटकून अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांपाशी त्यांचा शोध संपला. कथा खरी आहे आणि स्फूर्तिदायकही आहे. पण तिच्यावरून धोरण ठरवता येत नाही. घर सोडून निघालेल्यांपैकी जे वाटेतच खचले, त्यांच्या कथा कोणी लिहून ठेवलेल्या नाहीत. आणि मुलीला तर पळून जाण्याचीही सोय नव्हती. त्याच सवाई गंधर्वांच्या शिष्या गंगूबाई हनगल यांनी १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गांधीजींच्या उपस्थितीत स्वागतगीत गायले. आपली जात पाहून गाणे संपल्यावर आपल्याला उष्टी काढायला तर सांगणार नाहीत ना, ही धास्ती त्या वेळी मनात होती, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. ज्या व्यासपीठावरून देशाच्या स्वातंत्र्याची भाषा बोलली जात होती, त्याच व्यासपीठावर उभ्या असलेल्या बालिकेच्या मनात ही भीती होती. जुन्या काळी दार उघडे होते असे म्हणणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण विसरू नये.

दार रुंद करण्याचे खरे प्रयत्न झाले ते संस्थांच्या रूपाने. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजेरजवाड्यांच्या आश्रयावर न विसंबता लोकांच्या पैशावर संगीताची शाळा चालवायची, ही त्या काळी धाडसाची कल्पना होती. तिथे गरीब विद्यार्थ्यांना दीर्घ मुदतीच्या करारावर राहण्या-जेवणाची सोय देऊन शिकवले जाई आणि त्यांतूनच पुढचे शिक्षक तयार झाले. मुंबईत उभारलेली त्यांची वास्तू कर्जापायी अखेर लिलावात गेली, हेही लक्षात ठेवले पाहिजे; लोकाश्रय म्हणजे केवळ टाळ्या नव्हेत. अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. तेथेही शिष्यांना घरात ठेवून शिकवण्याची रीत होती. या दोन्ही प्रयत्नांतून निघणारा धडा एकच आहे. गरिबाच्या मुलाला कला शिकवायची तर आधी त्याच्या भाकरीची आणि निवाऱ्याची व्यवस्था करावी लागते. केवळ फी माफ केल्याने भागत नाही. अर्थात या चळवळीला मर्यादाही होत्या. संगीताला प्रतिष्ठा देण्याच्या भरात ज्यांनी ते शतकानुशतके जपले, त्या मुसलमान उस्तादांना आणि कलावंतिणींना तिने पुष्कळदा कडेला सारले. प्रतिष्ठा मिळाली ती प्रामुख्याने पांढरपेशा घरांना.

स्वातंत्र्यानंतर निवडीची सूत्रे शासनाकडे आली. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाची चाचणी घेऊन श्रेणी ठरवण्याची पद्धत त्यांनी लागू केली. रातंजनकरांसारखे विद्वान परीक्षक मंडळाच्या प्रमुखपदी होते. नामवंत कलावंतांनाही चाचणीस बसण्यास सांगितल्यामुळे मोठा असंतोष माजला. तरीही वशिल्याऐवजी नियम आला, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. संस्थानांचा आश्रय संपल्यावर अनेक कलावंतांची चूल आकाशवाणीच्या मानधनावर पेटली. पण नियम करणाऱ्यांच्या आवडीनिवडी नियमात कशा उतरतात, याचेही उदाहरण आकाशवाणीनेच दिले आहे. १९४० साली तिने हार्मोनियमला बंदी घातली. ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. श्रुतींविषयीचा शास्त्रीय युक्तिवाद त्यामागे होता, हे खरे. पण महाराष्ट्रातील प्रत्येक भजनी मंडळाचा, कीर्तनाचा आणि नाटकाचा आधार असलेली पेटी तीस वर्षे सरकारी माध्यमाच्या दृष्टीने अपात्र ठरली होती. पुढे तीच पेटी स्वीकारली गेली आणि संगीत बुडाले नाही. तात्पर्य, निवडीचे निकष आकाशातून पडत नाहीत. ते माणसे ठरवतात आणि माणसांना ते बदलता येतात.

निवडीआधी शिक्षण, हा क्रम व्यवहार्य आहे का, अशी शंका घेणाऱ्यांनी याच जिल्ह्यातील आळंदीकडे पाहावे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली तेथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. शेतकरी, कष्टकरी घरांतील मुले तेथे चार वर्षे राहून संतवाङ्मय, कीर्तन आणि भजन शिकत आली. आधी तयारी दाखव, मग प्रवेश देतो, असा तेथील रिवाज नव्हता. आज खेडोपाडी जे मृदंगवादक आणि गायक दिसतात, त्यांच्या मागे या परंपरेचे ऋण आहे. समाजवाद्यांना तिच्यातील सर्व गोष्टी पटण्यासारख्या नाहीत. ही परंपरा मुख्यतः मुलग्यांची राहिली, तिचे प्रयोजन धार्मिक आहे, आणि अलीकडे धर्माच्या नावाने द्वेष पसरवू पाहणाऱ्यांची नजर अशा शिबिरांवर आहे, हेही दिसते. परंतु जेथे लोकशाही विचारांचे लोक मुलांच्या हाती टाळ किंवा तंबोरा देत नाहीत, तेथे दुसरे कोणी तरी काही तरी देणारच. नुसती टीका करून ही उणीव भरून निघणार नाही.

बाहेरच्या जगातही हा विचार झालेला आहे. व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेउ यांनी १९७५ साली गरीब वस्त्यांतील मुलांसाठी वाद्यवृंदांची योजना सुरू केली. मुलाच्या हाती वाद्य आधी द्यायचे, त्याला समूहात वाजवू द्यायचे आणि गुणवत्ता त्यातून वर येऊ द्यायची, हे तिचे सूत्र होते. तिच्यातून जागतिक कीर्तीचे कलावंत निघाले. पुढे सत्ताधाऱ्यांनी तिचा आपल्या गौरवासाठी वापर केला, ही गोष्ट वेगळी आणि सावध करणारी आहे. अमेरिकेत टँगलवुडचे उन्हाळी संगीत केंद्र १९४० पासून चालू आहे. तेथील चाचणी अत्यंत कठोर असते. पण निवडलेल्या शिष्यवृत्तीधारकाकडून शिक्षणाचा, राहण्याचा आणि जेवणाचा खर्च घेत नाहीत. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे शक्य आहे, ते समाजवादी गणराज्य म्हणून संविधानाच्या प्रास्ताविकेत स्वतःची ओळख देणाऱ्या देशात अशक्य मानण्याचे कारण नाही.

येथे डॉ. राममनोहर लोहियांच्या एका विचाराची आठवण ठेवणे आवश्यक आहे. ज्यांना पिढ्यानपिढ्या दाबून ठेवले, त्यांना केवळ समान संधी देऊन भागणार नाही, विशेष संधी दिली पाहिजे, असे ते मांडत. नोकऱ्या आणि शिक्षण यांच्या बाबतीत हा विचार आता निदान वादाचा तरी विषय आहे. कलेच्या क्षेत्रात त्याचा उच्चारही होत नाही. कलेत फक्त गुणवत्ता पाहावी, असे म्हटले की चर्चा संपते. वस्तुतः विशेष संधी म्हणजे बेसूर गाणाऱ्याला सुरेल ठरवणे नव्हे. शेवटच्या मापात कसर नको. बदल हवा तो माप लावण्याच्या वेळेत. पाच वर्षे शिकलेल्या मुलाला आणि एक दिवसही न शिकलेल्या मुलीला एकाच दिवशी, एकाच प्रश्नावर जोखणे हा न्याय नव्हे. दोघांना काही काळ सारखे शिकवून मग जोखले, तर कस कोणाचा किती ते कळेल.

यावरून काही ठोस मागण्या निघतात. पहिली मागणी शाळेची. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. हा कोणाचा उपकार नव्हे, कायदा आहे. या भागातील किती शाळांत ही संख्या भरते आणि किती ठिकाणी कलेचा निदेशक प्रत्यक्ष शिकवतो, याची यादी कार्यकर्त्यांनी करावी आणि ती घेऊन पंचायत समिती व जिल्हा परिषदेकडे जावे. आजूबाजूच्या गावांतील भजनी मंडळांचे जाणकार, विशारद झालेल्या मुली, तमाशातील वयस्क ढोलकीवादक यांना अशा कामावर घेता येईल. त्यातून मुलांना शिक्षण आणि कलावंतांना मानाची मिळकत, अशा दोन्ही गोष्टी साधतील.

दुसरी मागणी चाचणीविषयी आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक उन्हाळी वर्गाने काही जागा पूर्वशिक्षण नसलेल्या मुलांसाठी राखून ठेवाव्यात. त्यांची पहिली निवड केवळ स्वर ओळखणे, ऐकलेले परत म्हणणे आणि लय धरणे यांवर व्हावी. खरी चाचणी वर्गाच्या अखेरीस घ्यावी. बाहेरगावच्या उमेदवाराला एसटीचे भाडे आणि एक दिवसाचा मुक्काम मिळावा. नापास झालेल्याला कारण कळावे आणि पुढील वर्षी काय करून यावे हे लेखी सांगितले जावे. आज नकाराचे कारण विचारण्याची सोयसुद्धा बहुतेक ठिकाणी नसते.

तिसरी मागणी लोककलेच्या मान्यतेची. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय संगीताबरोबर लोककलेलाही वाढीव गुण देण्याचे तत्त्व राज्य सरकारने स्वीकारले आहे. मग शिष्यवृत्तीच्या अर्जात गुरूच्या रकान्यात भजनी मंडळाच्या बुवांचे किंवा फडातील ढोलकीपटूचे नाव का चालू नये? विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्यासारख्या कलावतीच्या घरातील मुलाने ऑडिशनला जाताना वडिलांचेच नाव गुरू म्हणून लिहिले, तर त्याला कमीपणा वाटू नये, एवढे तरी त्या पुरस्कारामागोमाग यायला हवे.

मागण्या करून थांबणे समाजवादी कार्यकर्त्याला शोभणारे नाही. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने स्वातंत्र्यानंतरच्या काळात गावोगाव जाऊन गाण्यांतून आणि वगांतून लोकांना जागे केले. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखी माणसे त्यात राबली. निळू फुले यांची जडणघडण तेथेच झाली. कोणाही पोराच्या अंगातील कला हेरायची आणि त्याला उभे करायचे, ही त्या पथकाची रीत होती. त्या कामाचा आजचा अवतार फार साधा असू शकतो. प्रत्येक शाखेने माघ महिन्यातच उन्हाळी वर्गांची आणि शिष्यवृत्त्यांची माहिती गोळा करावी. ती शाळेत, मंदिरात, दर्ग्यापाशी, ऊसतोड कामगारांच्या तळावर लावावी. अर्ज आता संगणकावर भरावे लागतात, तेथे मुलांच्या शेजारी बसावे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला वेळेत काढून द्यावा. मुलीला पुण्याला एकटी पाठवायला घर तयार नसेल, तर शाखेतील एखाद्या भगिनीने सोबत जावे. आणि ज्याला नकार मिळाला, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन यावे. सभा-मोर्चांच्या मानाने हे काम लहान दिसते; पण ते वर्षानुवर्षे न झाल्यामुळेच शहरांतील वर्गांच्या निवडयाद्यांत या गावांची नावे दिसत नाहीत.

येणाऱ्या माघापासून मांडवगण, वडगाव रासाई, न्हावरे आणि नदीपलीकडील दौंडच्या गावांतील शाळांची यादी हाती घेता येईल. काम सुरू करायला तेवढे पुरेसे आहे.